तिचं नाव तोंडाने

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुवेर, तुरीच्या शेंगा, सोलणं. दुपारी चारची वेळ. ओसरीच्या हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, आमच्या मधे सूप. डाव्या कानाने तिला ऐकू येत नसे, म्हणून मी कायम तिच्या उजव्या हाताला. सोलून झाल्यावर तिने माझ्या मांडीवर लिहायची पाटी ठेवली.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. मी चार बुकं शिकलो आणि बडोद्याजवळ वाघोडियाच्या कारखान्यात फिटर म्हणून म्हातारा झालो. हिब्रू प्रार्थना तोंडपाठ, पण अक्षर एक ओळखत नव्हतो. लेक इस्राएलला गेली, तिथे नातू झाला, त्याला मराठी येईना. मग साठीनंतर हिने लहान मुलांचं हिब्रू पुस्तक मागवलं. स्वतः शिकली आणि मला छळायला लागली.

"उजवीकडून लिहा. गुजराती नाहीये हे."

"काना-मात्रा कुठे द्यायच्या?"

"नसतात. खाली टिंबं असतात, ती पण पोरांच्या पुस्तकात. मोठ्यांनी समजून वाचायचं."

एकदा म्हणाली, हिब्रूत पुरुषाला 'तू' वेगळं, बाईला वेगळं. 'अहो-जाहो' नाहीच.

"म्हणजे तू मला अरे-तुरे करणार?"

"करीन की. पन्नास वर्षं वाट बघितली."

केलं मात्र नाही. जीभ वळली नाही तिची.

तिचं हिब्रू नाव म्हणजे मधमाशी. मी म्हणायचो, बापाने पारखून ठेवलं. हे नाव लग्नाच्या केतुब्यात, म्हणजे आमच्या करारात, लिहिलेलं. पुढे माझ्या आईने दुसरं ठेवलं, ते रेशनकार्डावर गेलं. मी दोन्ही कधी घेतली नाहीत. "अगं" म्हटलं की ती यायची. आमच्या घरात बायकोचं नाव कोणी घेत नव्हतं, मीही नाही घेतलं. लाज वाटायची, दुसरं काही नाही.

पण आमच्यात माणसाला पुरताना हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारा, हिब्रू नावानेच हाक मारतो, बापाच्या नावासकट. अमक्याची मुलगी अमकी. हिला तीच काळजी.

"मी आधी गेले तर हजान तुम्हालाच विचारणार. बडोद्यात दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे माझं नाव? भलत्याच नावाने मातीत घालतील मला."

म्हणून ती पाटी. त्या दुपारी मी पाच अक्षरं लिहायची ती चारच लिहिली.

"शेवटचं 'हे' राहिलं. बाईच्या नावाला बहुतेक असतंच ते."

मी लिहिलं. पुढे 'मुलगी'चा शब्द, मग सासऱ्यांचं नाव.

"बरोबर. आता तोंडाने म्हणा."

समोर शेजारची गुजराती बेन कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, "उद्या."

"उद्या, उद्या," म्हणत ती सूप घेऊन आत गेली. "चहा ठेवते."

भांडं पडल्याचा आवाज आला. मी आत गेलो तर ती ओट्याला टेकून खाली बसलेली. डॉक्टर आला तेव्हा काही उरलं नव्हतं. गॅस त्या बेनने बंद केला.

सकाळी पहिल्या गाडीने अहमदाबादहून हजान आला. माणसं जमली होती. त्याने विचारलं, "बाईंचं नाव?"

बेनने रेशनकार्डावरचं सांगितलं.

"ते नको. हिब्रू. बापाच्या नावासकट."

कोणीतरी म्हणालं, "लेकीला फोन लावा ने."

"लावायचा नाही," मी म्हटलं. "मला येतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.  हजानला म्हटलं, जरा थांब. आधी तिच्याकडे गेलो. उजव्या बाजूला गुडघे टेकले, कानाशी वाकलो आणि तिचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट. मग उठून हजानला सांगितलं.

"ऐकू नाही आलं, काका."

पुन्हा सांगितलं. या वेळी मोठ्याने.