तिच्या ऑडिशनमध्ये मी मुलगा झाले

माझाच आवाज फोनमधून खोलीभर ऐकू आला आणि सुनेच्या हातातलं तिळगुळाचं ताट कललं.

"मावशी काय, आज ना उद्या जाणारच. तू जाऊन ती उठून बसणार आहे का? बाळाला कोण बघणार? जरा प्रॅक्टिकली विचार कर ना, आई."

आवाज माझा होता, शब्द माझ्या मुलाचे. फोनवर मी दिसत नव्हते. दिसत होती आमच्या गल्लीत राहणारी फिलिपिनो बाई. ती रडत नव्हती, नुसती समोर बघत होती, आणि मी मागून बोलत होते.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. इथल्या, अमेरिकेतल्या चँडलर गावातल्या मराठी बायका एकीच्या घरी जमल्या होत्या. मी विधवा, मला कुंकू नको होतं. मी वड्या पाडून द्यायला गेले होते. फोन हातात धरणारी नागपूरची पोरगी मनाने वाईट नव्हती. ती हसत म्हणाली, "काकू, ही तुमचीच व्हॉइस आहे ना? मी म्हटलं यार, हा आवाज तर ओळखीचा आहे." माझा आवाज कुठेही ओळखू येतो. आई बाजारात मासे विकायची, तिच्या शेजारी बसून तो तयार झालेला आहे.

मग कोणी हसलं नाही. माझ्या मुलाला तिथल्या सगळ्याजणी ओळखत होत्या. मराठी मंडळाच्या प्रत्येक मीटिंगमध्ये तो 'प्रॅक्टिकली' म्हणतो. पुण्याची एक बाई माझ्याजवळ सरकली आणि अगदी हळू, गोड आवाजात म्हणाली, "म्हणजे तुम्ही बहिणीच्या शेवटच्या वेळी गेला नाहीत, ते यामुळे होय? आम्हाला वाटलं, तुमचा गुडघा."

गुडघ्याचं सुनेने सांगितलं होतं. सगळ्यांना सांगितलं होतं. तिने ताट टेबलावर ठेवलं, बाहेर जाऊन गाडीत बसली आणि गाडी सुरू करून माझी वाट बघत राहिली. मी चपला घातल्या. माझ्या घरातली घाण मी स्वतः उचलून लोकांच्या बैठकीत आणून टाकली होती. मला जमिनीत जावंसं वाटलं.

आता ती बाई कोण, ते सांगते.

मी मालवणकडची. सुनेच्या घरात सुकी मासळी चालत नाही. वास पडद्यांना बसतो म्हणते, आणि ते खोटं नाही. एकदा सकाळी, ऊन चढायच्या आत चालायला निघाले, तर दोन घरं सोडून मागच्या अंगणातून खारा मासा भाजल्याचा वास आला. मी कुंपणाशी थांबले. आत एक बाई गॅसची शेगडी अंगणात मांडून मासे परतत होती. ओठांना लाल लिपस्टिक, केस विंचरलेले, अंगावर घरातला गाऊन. तिची मुलगीही वास घरात येऊ देत नव्हती. तिने मला हातानेच आत बोलावलं. भातावर मासा घालून दिला, वर व्हिनेगर शिंपडलं. मी बोटं चाटली.

तिचं इंग्रजी चांगलं होतं. माझं इंग्रजी नातवंडांच्या कार्टूनमधून शिकलेलं. पण दोन म्हाताऱ्या बायकांना बोलायला किती इंग्रजी लागतं. ती मला 'आते' म्हणायची. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला तसं म्हणतात.

ती नटी होती हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. तिच्याबरोबर एकदा त्यांच्या फिलिपिनो दुकानात गेले, तर भाजी निवडणाऱ्या बायका ढकलाढकली करत तिच्याभोवती जमल्या. एकीने तिला डोळे वटारून दाखवले आणि ही पण लगेच डोळे वटारून उभी राहिली. सगळ्या खूश. मी विचारलं, हे काय? तेव्हा तिने सांगितलं.

शाळेत असतानाच ती पहिल्या सिनेमात आली. काम काय, तर तळ्यात पडायचं. मग मोलकरणीची कामं मिळाली, लोकांना हसवायची. पुढे टीव्हीवर एक मालिका आली, तिच्यात ही नायिकेची श्रीमंत सावत्र आई झाली. एका भागात तिने नायिकेच्या मुस्काटात मारली. ती इतकी खरी वाटली की त्यानंतर तिला दुसरं काम कोणी दिलं नाही. सावत्र आई, खाष्ट सासू, घर बळकावणारी नणंद, अशीच कामं केली, तरुणपण जाऊन म्हातारपण येईपर्यंत. बाजारात कोळणी तिला मासे द्यायच्या नाहीत. एकीने तिला चप्पल फेकून मारली. तिने ती चप्पल उचलून परत दिली आणि आभार मानले, कारण चप्पल बसली म्हणजे पुढच्या वर्षी काम नक्की.

एक गोष्ट मात्र ती मासे साफ करत, माझ्याकडे न बघता बोलली. तिच्या आईला पुरत होते तेव्हा लोक फोटो काढायला आले. एकाने म्हटलं, तो चेहरा करा ना. तिने केला. खड्ड्याच्या कडेला उभं राहून डोळे वटारले.

 माझ्याकडे तिला सांगण्यासारखं होतं, पण मी बहिणीबद्दल कोणाशीच बोलत नव्हते.

तिची मुलगी नर्स, तिनेच आईला इकडे आणलं. इकडे आल्यावरही ती थांबली नाही. ऑडिशन हल्ली घरूनच द्यायची असते. फोन तिकाटण्यावर उभा करायचा, आपण समोर उभं राहायचं, आणि दुसऱ्या माणसाची वाक्यं कोणीतरी फोनच्या मागून म्हणायची. तिला हॉस्पिटलात झोपलेली रोगी मिळाली, एकदा दाई मिळाली. दोन्हीत तोंड उघडायचं नव्हतं. आणि मग एका सिनेमासाठी आईच्या कामाची ऑडिशन आली. अमेरिकेत मुलाकडे राहणारी म्हातारी. तिला मरण्याआधी एकदा गावी जायचं आहे आणि मुलगा नाही म्हणतो.

ती मला म्हणाली, आयुष्यभर मी दुसऱ्यांना नाही म्हटलं. मला कोणी नाही म्हटलंय, असं काम मला कधी मिळालं नाही. हे एक मिळालं तर बस.

सिनेमावाल्यांना एक ऑडिशन इंग्रजीत हवी होती आणि एक तिच्या भाषेत. इंग्रजीतली मुलीने करून घेतली. दुसरीच्या सरावाला मुलगी ड्युटीवर होती. तिने मला बोलावलं. म्हणाली, तू मुलगा. मी माझ्या भाषेत बोलेन, तू तुझ्या भाषेत बोल. मी मागेन, तू फक्त नाही म्हणायचं.

मला नाटक येत नाही. मी चौथीपर्यंत शिकले, त्यातही पावसाळ्यात शाळा बुडायची. फोन चालू करून ती समोर उभी राहिली, हात पोटाशी धरले, आणि तिच्या भाषेत काहीतरी मागायला लागली. मला एक शब्द कळला नाही. पण कोणी असं मागायला लागलं की मुलगा काय म्हणतो, ते मला माहीत होतं. मी तेच म्हटलं. मावशी काय, आज ना उद्या जाणारच. तिथे मराठी समजणारं कोणी नव्हतं. माझा चेहराही दिसणार नव्हता. मला वाटलं, आडात बोलल्यासारखं आहे.

तिच्या मुलीला तो सराव इतका आवडला की तिने तो आईच्या फेसबुकच्या पानावर टाकला, तिच्या जुन्या मालिका बघणाऱ्यांसाठी. तिथून तो हजारो लोकांनी एकमेकांना पाठवला. त्यात एक मराठी निघाला. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं की माझी भाषा जगात आमच्या घराबाहेरही कोणाला कळते.

हळदीकुंकवाहून आल्यावर मुलगा गॅरेजमध्येच भेटला. त्याला आधीच कळलं होतं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, मंडळाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आलाय, आणि तिथे त्याच्या ऑफिसमधले लोक आहेत. ते काढून टाकायला सांग. मग म्हणाला, "तुला काही वाटत होतं तर मला डायरेक्ट बोलायचं होतंस ना, आई. परक्या बाईच्या घरी जाऊन माझी नक्कल केलीस."

नक्कल हा शब्द मला लागला, कारण तो बरोबर होता. सून चार दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवायला मात्र पहिल्यासारखं वाढत होती. बाळाला माझ्याकडे देताना मान वळवायची.

मी त्या बाईकडे गेले आणि काढून टाक म्हटलं. का, ते माझ्या इंग्रजीत जमेल तसं सांगितलं. तिने एकही प्रश्न विचारला नाही. मुलीला हाक मारून माझ्यासमोर ते काढायला लावलं. मग शेगडी बारीक केली आणि म्हणाली, सिनेमावाल्यांचा फोन आला होता. आता दोघीच उरल्या आहेत, ती आणि कोणी दुसरी. रविवारी कॉम्प्युटरवर समोरासमोर घेणार. त्यांनी सराव बघितला होता, आणि मागचा आवाज कोणाचा, तोच आणा, असं सांगितलं होतं.

"तू नाही आलीस तर माझी मुलगी तुझी वाक्यं म्हणेल," ती म्हणाली. "पण मुलगी मला नाही म्हणू शकत नाही. तिला येत नाही."

हे तिने मागण्यासारखं म्हटलं नाही. मासा उलटवत म्हटलं. पण तिचं काय जाणार होतं ते मला दिसत होतं. तिला पुन्हा डोळे वटारायला, नाही तर मुकाट झोपायला मिळालं असतं, आणि तेही किती दिवस.

घरी येऊन मी मुलाला सांगितलं की मी रविवारी जाणार. तो म्हणाला, परत तेच बोलणार का? मी म्हटलं, मला दुसरं काय येतं. तो वर निघून गेला. रविवारी मी निघाले तेव्हा तोही बूट घालून माझ्यामागून आला. का, ते त्याने सांगितलं नाही. तिच्या घरी गेल्यावर तो स्वयंपाकघरात उभा राहिला. मधे दार नव्हतं.

कॉम्प्युटरवर तीन चेहरे होते. त्यांनी गोड हसून काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं आणि मग ती एकदम म्हातारी झाली. खांदे उतरले, लिपस्टिक लावलेलं तोंडही वेगळं दिसायला लागलं. तिने मागितलं.

मी म्हटलं, आई, पुढच्या वर्षी नक्की जाऊ. आपण सगळे मिळून जाऊ. मुलगा ऐकत होता, म्हणून मी चांगला मुलगा झाले. तिला शब्द कळत नव्हते, पण हा नकार नव्हे हे तिला कळलं. ती बोलायची थांबली. त्या तिघांना वाटलं असेल की ती मुद्दाम थांबली. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. ती हरत होती आणि ते तिला माहीत होतं. मग तिने तेच पुन्हा मागितलं, पहिल्यापेक्षा हळू.

मी मान खाली घातली आणि म्हटलं. मावशी काय, आज ना उद्या जाणारच. तू जाऊन ती उठून बसणार आहे का. बाळाला कोण बघणार. सगळं म्हटलं. आणि सरावात जे तोंडातून निघालं नव्हतं, तेही निघालं. "व्हिडिओ लावून देतो ना, इथूनच बघ. सगळं नीट दिसतं."

तिने मान हलवली, मुलाचं पटल्यासारखी, आणि त्याचं गळ्याशी उघडं राहिलेलं बटण लावल्यासारखे हवेत हात केले. कॉम्प्युटरमधली एक बाई तोंडावर हात धरून बसली.

काम तिला मिळालं. दोनच प्रसंग आहेत म्हणते. शूटिंगला गेली तेव्हा लिपस्टिक पुसून गेली.

त्या दिवशी घरी परतताना मुलगा माझ्या दोन पावलं पुढे होता. आमच्या दाराशी, किल्ली कुलपात घालून उभा राहिला. म्हणाला, "मावशी गेली तेव्हा फोन मी साखरेच्या डब्याला टेकवून दिला होता. तू बाळाला भरवत होतीस."

मी हो म्हटलं.

"बाळाने तो पाडला. मी परत उभा केला, पण तोपर्यंत उचललं होतं मावशीला."

"हो."

त्याने दार उघडलं. आत सून बाळाला घेऊन उभी होती. मुलाला हाताला धरून मी आत नेलं असतं, पण तो आता एवढा मोठा आहे की मला हात लावायची लाज वाटली.

मंडळातल्या बायका आता म्हणतात, काकू, तुम्ही धीट आहात. त्यांना काय बोलायला जातं. मी धीट नाही. मुलगा भाजी आणायला त्या दुकानात जात नाही जिथे मराठी लोक भेटतात. लांबच्या दुकानात जातो. त्याचे शब्द मी दोनदा परक्यांना ऐकवले, एकदा नकळत आणि एकदा तो ऐकत असताना. एक बाई आई झाली हे खरं. पण मी त्याच्याकडे अजून सरळ बघत नाही, आणि तोही माझ्याकडे बघत नाही. आम्ही दोघंही बाळाकडे बघून बोलतो.

हे जिच्या वाट्याला आलं ती मीच. मालवणकडची, चौथी शिकलेली, चँडलरला मुलाच्या घरी बाळ सांभाळणारी. मला वाढवलं ती माझी थोरली बहीण, आणि तिला मी फोनवर जाताना पाहिली.