साबणाने धुतलेली वाळू

सगळी वस्ती तिला संस्थाबाई म्हणायची. आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. सासूसुद्धा शेजारणीला सांगताना ‘आमची संस्थाबाई अजून उगवली नाही’ असंच म्हणे. नवरा बसवर ड्रायव्हर होता. तो म्हणायचा, माझं लग्न बाईशी लागलं की संस्थेशी, हे कुणीतरी एकदाचं मला सांगून टाका.

वस्ती धोबीकाम करणाऱ्यांची. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे अभ्रे, सगळं इथे येऊन धुतलं जायचं. गावभरचं कापड स्वच्छ करणाऱ्या या माणसांना प्यायला मात्र गढूळ विहीर होती, आणि दर वर्षी एखाददुसरं मूल जुलाबाने हातचं जायचं. ती जिथे नोकरीला होती त्या संस्थेने तिथे वाळूची गाळणी बांधली. एका खोलीत मोठी टाकी, तळाला खडी, तिच्यावर भरड वाळू, त्यावर बारीक वाळू आणि सगळ्यात वर शेवाळासारखा एक बुळबुळीत थर. दिसायला घाण, पण पाण्यातले रोगजंतू खाऊन टाकायचं काम तोच करतो. धार बारीक झाली की वरची बोटभर वाळू हलक्या हाताने खरवडून काढायची, खालच्या न दुखावलेल्या वाळूतून तो लवकर पुन्हा धरतो; एवढीच त्याची निगा.

ती निगा इतकी वर्षं संस्थाबाईच राखत आली होती. बायकांची समिती होती, बैठका व्हायच्या, थर का जपायचा हे ती दर वेळी समजावून सांगायची आणि समिती मान डोलवायची. मग खरवडायची वेळ आली की संस्थाबाईच बाह्या सरसावून टाकीत उतरायची. कुणाला शिकवत बसण्यापेक्षा आपण केलं की पटकन उरकतं, असं तिला वाटायचं. बायकांनाही त्यात सोय होती.

मग एक दिवस संचालकबाई परदेशातल्या परिषदेहून परतल्या. तिथे शाश्वत विकासावर भाषणं झाली, पडद्यावर आपली गाळणी दाखवली, टाळ्या पडल्या, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. पैसे देणारी मंडळी गाळणीवर इतकी खूश झाली की इथलं काम आता पूर्ण झालं, असं त्यांनी ठरवून टाकलं. पुढचा निधी दुसऱ्या देशाला, जिथे प्यायला याहून वाईट पाणी आहे. कुणाला दोष द्यावा तर तोही देता येईना. संचालकबाईंचा बेत असा होता की छोटासा कार्यक्रम करू, फीत कापू, गाळणी वस्तीच्या ताब्यात देऊ आणि कार्यालय बंद करू.

 नोकरी जाणार हे होतंच, पण संस्थाबाईच्या डोळ्यांपुढे आली ती तुंबलेली टाकी आणि पुन्हा विहिरीकडे निघालेल्या बायका.

“ताई, आपण गेलो की महिन्याभरात गाळणी बंद पडेल,” ती म्हणाली. “आजपासून मी तिला हात लावणार नाही. मोडायची असेल तर आपण इथे असतानाच मोडू दे.”

संचालकबाई गडबडल्या. शेवटची पाहणी करायला परदेशी पाहुणे येणार होते. त्यांच्यादेखत नळ कोरडा निघाला तर इतक्या वर्षांच्या कामावर बोळा फिरेल, असं त्यांचं म्हणणं. ते काही खोटं नव्हतं. पण संस्थाबाईने एकदा ठरवलं की ठरवलं. तिने खोलीची किल्ली समितीच्या हवाली केली आणि तोंडाने काय हवं ते विचारा, हात मागू नका, असं बजावलं.

धार बारीक होत होत करंगळीएवढी झाली. बायका दारात येऊन बसू लागल्या. कुणी गोडीत घेतलं, कुणी टोमणे मारले. संस्था निघाली म्हणून हिने अंग काढलं, असंही कुणी म्हणालं, आणि ते तिच्या फार जिव्हारी लागलं. घरात सासूने तोंडाचा पट्टा सोडला. लोकांची कामं केलीस तेव्हा घराकडे बघितलं नाहीस, आता घरात पाणी नाही तर तत्त्वं सुचतात काय, असा तिचा सवाल होता. संस्थाबाईचे हात नुसते शिवशिवत होते. तरी ती गाळणीच्या खोलीकडे फिरकली नाही.

शेवटी वस्तीची मुकादमीण भडकली. सगळ्या धोबीघाटावर जिचा आवाज चालतो अशी ती आडव्या अंगाची बाई. चार जणी घेऊन तिने खोली उघडली. संस्थाबाई तेव्हा कार्यालयात सामान बांधत होती. ती दुपारी वस्तीत आली तर हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र चादरींवर वाळू वाळत पडलेली. कण न् कण साबण लावून, चार पाण्यांतून काढून, मिठासारखा लखलखीत केलेला.

“बघा, बाई,” मुकादमीण घाम पुसत म्हणाली, “इतक्या वर्षांत तुम्हाला एवढी स्वच्छ काढता आली नव्हती.”

संस्थाबाईने कपाळाला हात लावला. रागवावं तरी कुणावर? ज्यांनी जन्मभर डाग काढले, त्यांना थर दिसला की तो धुवायचाच, हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही, याचंच तिला वाईट वाटलं. तिने सगळ्यांना बसवलं आणि सरळ सांगितलं की गाळणीचा जीव त्या घाणीत होता, तो गेला. वाळू पुन्हा भरा, पाणी सोडा, नवा थर धरायला काही आठवडे जातील. तोवर थेंबन् थेंब उकळून प्यायचा. बायका चिडल्या, एकीला रडू आलं. मग मुकादमीण विचारू लागली. खडी किती, वाळू कुठवर, पाणी केवढ्या धारेने? संस्थाबाई बाहेर उभी राहून सांगत होती आणि आत त्या भरत होत्या. दोनदा चुकलं, दोनदा उपसलं. ती उंबऱ्याच्या आत गेली नाही.

पाहुणे आले ते नेमके या धामधुमीत. नळ बंद, घरोघरी पातेली चुलीवर, आणि संचालकबाईंच्या तोंडचं पाणी पळालेलं. संस्थाबाईकडे बघून, या बाईंचं इथलं काम काय, असं पाहुण्यांनी दुभाष्याकरवी विचारलं. मुकादमिणीने मागचापुढचा विचार न करता उत्तर दिलं.

“काही नाही. नुसत्या उभ्या राहून बोलतात. काम आम्ही करतो.”

दुभाष्याने ते जसंच्या तसं सांगितलं. पाहुण्यांनी काय लिहून नेलं ते वस्तीला कधी कळलं नाही. फीत कापायचं राहून गेलं, आणि ठरल्या दिवशी कार्यालयाला कुलूप लागलं.

थर धरला. तपासणीत पाणी चांगलं निघालं आणि नळ सुरू झाला. संस्थाबाई आता नणंदेच्या शिवणाच्या दुकानात बसू लागली होती. काजं-बटणं करता करता तिचं लक्ष खोलीकडेच असायचं. पुन्हा धार बारीक झाल्याचं कानावर आलं, तशी ती घागर भरायचं निमित्त करून निघाली.

खोलीचं दार उघडं होतं. एक नवखी सून टाकीत उतरून खरवडत होती आणि फार खोल चालली होती. संस्थाबाईने तोंड उघडलं. तेवढ्यात आतून मुकादमीण गरजली की बोटभरच, थराखालची वाळू दुखवायची नाही, मागे एकदा आम्ही सगळ्याचं वाटोळं करून बसलोय. सुनेचा हात थबकला, मग हलका झाला.

संस्थाबाई अभावितपणे उंबरा ओलांडायला गेली. मुकादमिणीने दारात हात आडवा धरला.

“तुम्ही नको, बाई. आज खरवडायची पाळी हिची आहे. पाणी संध्याकाळी मिळेल.”

संस्थाबाईच्या छातीत कळ उठली. याचसाठी तर सगळा अट्टहास केला होता, तरी उठली. तिने बरं म्हटलं, रिकामी घागर काखेत मारली आणि घरची वाट धरली. सासू पाणी कुठंय म्हणून ओरडली. संध्याकाळी मिळेल, तिने सांगितलं, आता विचारायचं ते मुकादमिणीला विचारा.