आत्याबाईंच्या गुडघ्यांची कृपा

हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या बिरादारांकडे रेणू सून म्हणून आली तेव्हा ती बी.कॉम. होती आणि घरात कुणाचीच त्याला हरकत नव्हती. सून शिकलेलीच पाहिजे, असं तिचे सासरे हणमंतराव सगळ्यांना सांगत. ते शिक्षण तिनं कुठे वापरावं, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. घराणं मूळचं भालकीकडचं, शेतीवालं. बेगम बाजारातलं मिरची-हळदीचं दुकान आता रेणूचा नवरा युवराज बघे. हणमंतराव मराठी मंडळाचं अध्यक्षपद बघत आणि घर त्यांच्या पत्नी सावित्रीबाई बघत. आम्ही समोरच राहतो, त्यामुळे उरलेलं सगळं आम्ही बघत होतो.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी रेणूला दिवस गेले. ती युवराजला म्हणाली, "अहो, एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ या का?"

"आईला विचारतो," युवराज म्हणाला.

माणूस तसा निष्काळजी नव्हता. स्कूटरची सर्व्हिसिंग त्यानं एकदाही चुकवली नव्हती.

"नक्को रे बाबा," सावित्रीबाई म्हणाल्या. "पाचवा लागेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नसतंय. नजर लागते. दवाखान्यात गेली की गल्लीभर होईल."

गल्लीला ते आधीच माहीत होतं. फोडणीच्या वासानं रेणू अंगणात पळते, हे भाजीवालीनं ओळखलं होतं. खुद्द सावित्रीबाईंनी "कुणाला सांगू नका बरं का" असं बजावत चार घरी सांगितलं होतं. कळू द्यायचं नव्हतं ते फक्त डॉक्टरला.

दुसरी अडचण म्हणजे पोटुश्या बाईनं एकटीनं घराबाहेर पडायचं नाही, असा घरचा रिवाज. सोबत पुरुषमाणूस हवा. युवराजला दुकानातून सुट्टी फक्त रविवारी, आणि रविवारी दवाखाना बंद. तिसरी अडचण अशी की डॉक्टर बाईच पाहिजे, आणि ती चांगली आहे की नाही हे आधी कुणीतरी जाऊन बघून यायला पाहिजे, आणि बघायला जाणार कोण, तर पुरुषमाणूस.

त्याच महिन्यात मंडळाच्या आरोग्य शिबिरात हणमंतराव मातेच्या आरोग्यावर इतकं बोलले की शेवटी जेवणाच्या पंगतीनं त्यांना थांबवलं. घरी आल्यावर रेणूनं धीर करून विचारलं, "मामंजी, मग मी जाऊन येऊ का?"

"मी बायकांच्या गोष्टीत पडत नाही," हणमंतराव नम्रपणे म्हणाले.

रेणूला चक्कर यायला लागली. सावित्रीबाई म्हणाल्या, "येतेच. हे काय दुखणं आहे का? आमची बाळंतपणं घरी झाली, दुसऱ्या दिवशी आम्ही उठून बसलो." रेणू दोन पायऱ्या चढून भिंतीला टेकायची, मग पुढच्या दोन चढायची. आणि वरून वाळलेले कपडे आणायची.

असं चाललेलं असताना एका सकाळी सावित्रीबाई देवघरासमोरून उठताना "आई गं!" म्हणून खाली बसल्या. गुडघे धरले होते. मग जे झालं ते बघायला आम्ही सगळे दारात आलो. युवराज दुकानाचं शटर अर्धवट टाकून आला. हणमंतरावांनी स्वतः रस्त्यात उभं राहून ऑटो अडवला. कुणी कुणाला विचारलं नाही, पंचांग उघडलं नाही, आणि हाडांचा डॉक्टर पुरुष निघाला तरी कुणाची काही तक्रार नव्हती.

डॉक्टरनं सांगितलं, आठवड्यातून दोनदा शेक आणि व्यायाम. बाईंना घेऊन कोण येणार?

युवराजनं बापाकडे बघितलं. बापानं मंडळाच्या कामाकडे बघितलं.

"रेणू आहे की," दोघं म्हणाले.

पोटुश्या बाईनं पुरुषाशिवाय बाहेर पडायचं नाही, हे त्या क्षणी कुणालाच आठवलं नाही. रेणूला तेवढं आठवलं, पण आठवण करून द्यायची तिला घाई नव्हती.

दवाखाना बरकतपुऱ्याच्या बाजूला होता. खाली हाडांचे डॉक्टर, वर बायकांचे. पहिल्याच दिवशी शेकाच्या यंत्राखाली सावित्रीबाईंना अशी सुखाची झोप लागली की बाहेरच्या बाकापर्यंत घोरणं ऐकू येत होतं. रेणू उठली आणि जिना चढली.

वर डॉ. माधवी होत्या, माहेर परभणीचं, बोलायला फटकळ. "कितवा?"

"चौथा संपत आला."

"आणि आत्ता येताय? इतके दिवस काय अडलं होतं?"

रेणूनं खरं ते सांगितलं. "आमच्या आत्याबाईंचे गुडघे दुखायला उशीर झाला."

डॉक्टर हसल्या, पण तिथंच करून घेतलेला रक्ताचा रिपोर्ट बघून थांबल्या. रक्त फार कमी होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी मूल काळं होतं असं सावित्रीबाईंचं मत असल्यामुळे रेणूनं त्या आपल्या कपाटात ठेवल्या आणि कुणी बघितलंच तर "आत्याबाईंच्या आहेत" म्हणायचं ठरवलं. त्या घरात आत्याबाईंच्या औषधांना कुणी प्रश्न विचारत नसे.

दर खेपेला खाली सासूचा शेक आणि वर सुनेची तपासणी. पाचवा लागला, ओटीभरणाची बोलणी सुरू झाली, तरी दवाखान्याचं नाव कुणी काढलं नाही. मूल एवढं बिनतक्रार वाढतंय म्हटल्यावर डॉक्टर कशाला? संकट आलं ते वेगळ्याच बाजूनं. सावित्रीबाईंचे गुडघे बरे व्हायला लागले.

"आता पुरे झालं गं," एक दिवस त्या गच्चीवरून तरातरा खाली येत म्हणाल्या. "उगंच कशाला जायचं?"

"आत्याबाई, मध्येच सोडलं तर दुप्पट उलटतंय म्हणतात," रेणू घाबरून म्हणाली. साऱ्या हैदराबादेत सासूचे गुडघे अजून दोन महिने दुखावेत म्हणून मारुतीला तेल वाहणारी तेवढी एकच सून असेल.

सातव्या महिन्यात रेणूच्या पायांना सूज आली. त्या दिवशी सावित्रीबाई शेक घेत होत्या, जाग्या होत्या. वरची तेलुगू नर्स खाली आली आणि सबंध खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रेणू की सास कौन है? डॉक्टरम्मा बुला रहे. बहू का बीपी बहुत बढ़ गया."

सावित्रीबाईंनी पडदा सारला आणि जिना चढल्या. एकदाही न थांबता.

"कधीपासून चाललंय हे?" त्यांनी सुनेला विचारलं. रेणू मान खाली घालून बसली होती. डॉ. माधवींनी मध्येच विचारलं, "बाई, तुमची बाळंतपणं किती?"

"तीन." मग त्या म्हणाल्या, "चार. पहिलं राहिलं नाही."

"काय झालं होतं?"

"हातपाय सुजले होते. मग डोळ्यांपुढं अंधारी आली, आचके आले. मला काही आठवत नाही. सुईण म्हणाली, बाहेरचं आहे. अंगारा लावला."

डॉक्टर म्हणाल्या, "बाहेरचं नव्हतं. हेच होतं, जे हिला आता होतंय. तुम्ही वाचलात हे नशीब."

सावित्रीबाई रेणूच्या पायांकडे बघत राहिल्या. मग खाली वाकल्या आणि सुजलेल्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरायला वेळ लागला. त्यांनी पदर तोंडाला लावला. रेणूला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी तिच्या चपला पुढं सरकवल्या.

घरी आल्यावर त्यांनी हणमंतराव आणि युवराज दोघांना समोर बसवलं. "हिला रोज औषध घ्यायचंय. काम करायचं नाही. बाळंतपण दवाखान्यातच होणार."

"पण डॉक्टरला दाखवलं कधी?" युवराज चकित झाला.

"चौथ्या महिन्यापासून," सावित्रीबाई म्हणाल्या. "मीच नेत होते. तुम्हाला वेळ कुठंय? गुडघे म्हणजे नुसतं निमित्त."

रेणूनं सासूकडे बघितलं. सासूनं खिडकीकडे बघितलं.

आठ दिवसांत ही गोष्ट नल्लकुंट्यात पसरली, आणि पुढच्या सभेत हणमंतरावांनी "क्रांतीची सुरुवात स्वतःच्या घरापासून" या विषयावर भाषण केलं. सावित्रीबाईंना शाल-नारळ मिळाला. रेणू पाय वर करून घरी झोपली होती. तिला विचारलं तर ती म्हणे, "श्रेय घेऊ देत की. श्रेयाबरोबर ऑटो पण दारात येतोय." आणि खरंच येत होता, दर तारखेला, युवराजसकट.

दिवस भरायच्या आधीच डॉक्टरांनी मूल काढलं. मुलगी झाली, हाताएवढी. हणमंतराव म्हणाले, "चला, पहिली बेटी, लक्ष्मी," आणि पेढ्यांऐवजी बर्फी सांगितली. सावित्रीबाईंनी पेढेच आणवले.

दीड महिन्यानं बाळाला लस द्यायची होती, तेव्हा चार माणसं गेली. दोन दिवसांनी रेणू स्वतःच्या तपासणीला निघाली. युवराज दुकानात जायच्या घाईत होता.

"आता तुझी कसली तपासणी? बाळंतपण तर झालं."

रेणूनं बाळ त्याच्या हातात दिलं आणि चप्पल घालून निघून गेली. तो दारात तसाच उभा राहिला, कडेवर घ्यावं की आडवं धरावं या विचारात.

"मान सांभाळ तिची," आतून सावित्रीबाई म्हणाल्या. "अन् दुकान थोडं उशिरा उघडलं म्हणून मिरची काही गोड होत नसतीय."