मामाचं व्हायोलिन आणि कस्टम ड्यूटी

बोईसरच्या पोस्टात पार्सलच्या खिडकीवर एक कारकून आहेत; ते मान वर न करता बोलतात आणि शिक्का मारण्याआधी त्यावर दोनदा फुंकर घालतात.

मामा गेल्यावर मामीने अमेरिकेहून त्याचं व्हायोलिन मला पाठवलं. कस्टमवाल्यांनी ते नवं समजून भलतीच ड्यूटी लावली. "मामाचं जुनंच आहे हो," म्हणत मी पैसे काढू लागले.

"थांबा ताई," कारकून म्हणाले. " एकदा पार्सल घेतलं की मग कोणी ऐकत नाय. मामा वाजवतानाचा जुना फोटो हाय? ड्यूटी कमी करायचा अर्ज करा, त्याला जोडा. वापरलेलं हाय ते कळंल."

महिन्याने ड्यूटी कमी होऊन आली. व्हायोलिनची पेटी घ्यायला मी आत गेले. जमिनीला ओल येते म्हणून कारकुनांनी ती महिनाभर स्वतःच्या टेबलावर ठेवली होती. त्यांचा जेवणाचा डबा खाली फरशीवर होता.