नमुना फ्लॅटमधली घरभरणी

मखमलाबादच्या पुढे, जिथे द्राक्षबागा संपून इमारती सुरू होतात, तिथल्या एका प्रकल्पावर ज्योत्स्ना नमुना फ्लॅट झाडायपुसायला होती. एक खोली आणि ओटा, एवढंच ते घर, गेटजवळ बांधलेलं. खोली ऐसपैस दिसावी म्हणून पलंग मुद्दाम हातभर आखूड केलेला आणि आतल्या दारांना फळ्याच नाहीत. दर रविवारी माणसं बघायला यायची. एखादी बाई ओट्यावरून हात फिरवत म्हणायची, "देव्हारा इथं ठेवू हं." पोरं पलंगावर उड्या मारायची. मग कर्ज नामंजूर व्हायचं आणि ती माणसं पुन्हा दिसायची नाहीत. अशी कितीतरी.

ज्योत्स्नाचं मात्र जमलं. नवरा धनराज अंबडला कारखान्यात कंत्राटावर, पगाराची पावती नाही. पण कर्जवाले साहेब भाड्याच्या खोलीवर आले, चहा पिता पिता शेजारणींना चार गोष्टी विचारून गेले, आणि दोघांच्या नावाने कर्ज झालं. सातव्या मजल्यावर घर मिळालं.

विक्री बघणाऱ्या तृप्ती मॅडम म्हणाल्या, "तुझ्या घरभरणीचे फोटो जाहिरातीत टाकू. पण वर लिफ्ट नाही अजून. इथेच दूध उतू घालव ना, एकसारखंच तर आहे!"

फोटोपुरतं करायचं होतं. पण ज्योत्स्नाला वरवरचं काही जमतच नसे. तिने घरचे देव आणले, उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि दूध उतू जाताना डोळे मिटून म्हणाली, "आता हेच आमचं घर."

वर राहायला गेल्यावर मात्र ते घर काही अंगाला लागेना. दूध काठापर्यंत चढायचं आणि आपसूक खाली बसायचं. वारा नसताना समई विझायची. शाळेतून आलेली लेक सृष्टी दारातच थबकायची. "आई, आपल्या घरी कधी जायचं?"

आणि खाली नमुना फ्लॅटचं कुलूप काढलं, की ताज्या भाकरीचा वास यायचा. आत कुणी नसायचं. ओट्यापाशी फक्त हलका बाईचा आवाज, "देव्हारा इथं ठेवू हं."

सगळे फ्लॅट विकले गेले. शनिवारी दुपारी नमुना फ्लॅट पाडायचं ठरलं. ज्योत्स्नाने हरसूलला सासूला, भिमाबाईंना, फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"आगं येडे, घर भरलंस खाली नि राहातीस वर!" भिमाबाई आधी हसल्या, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "घराला काय कळतंय का, फोटू काढाया केलं म्हून? पाडायच्या आत तिथं दिवा लाव, हातात घे, नि घराला म्हण, चल. वाटंत मागं बघू नको."

"नाय आलं तर?"

"मग हप्ते भर नि पाव्हणी म्हून राहा."

शनिवारी धनराजला सुट्टी होती. वर दूध तापत ठेवून तो दारात उभा राहिला. खाली जेसीबीवरचा गेणू ओरडला, "ताई, आवरा! आता काय पूजा करताय? पाडायचंय ना ते!"

ज्योत्स्नाने नमुना फ्लॅटच्या ओट्यावर दिवा लावला, हातात घेतला. "चल," म्हणाली, आणि बाहेर पडून इमारतीचा जिना चढू लागली.

पहिल्या मजल्यापर्यंत तिच्याच चपला वाजत होत्या. मग मागे जोडवी वाजली. पुढे अनवाणी पावलं, एका पोराची धावपळ, कुणा म्हाताऱ्याचा खोकला. ज्योत हलत नव्हती. पाचव्या मजल्यावर तर जिना माणसांनी भरून गेल्यासारखा कोंदट झाला. "अजून किती वर आहे हो?" अगदी कानाशी कुणी विचारलं. आवाज ओळखीचा होता, कुठल्याशा रविवारचा. पण मान तिने वळवली नाही. घर एकटं निघालं नव्हतं. त्यात मनाने राहून गेलेले सगळे त्याच्याबरोबर निघाले होते.

ती समोर दिसताच धनराज हसला. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली, आणि हसू तसंच ओठांवर थिजलं.

"अगं… एवढ्या माणसांना बसवायचं कुठं?"

त्याच्या पाठीमागे ओट्यावर दूध फसफसून उतू गेलं.

"सरक बाजूला," ज्योत्स्ना म्हणाली. "दमलेत बिचारे."