गुरुवारचा आवाज

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, धंद्यातला भागीदार सारंग, त्यालाही नाही. गावाकडे आईला सांगायचा तर प्रश्नच नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही — तेवढंच कारण असेल.

थोडं मागून सुरुवात करतो. म्हणजे टाळतोय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मी मूळचा वऱ्हाडातला. शिकायला पुण्यात आलो, नोकरी धरली, सोडली, आणि वारज्यात पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या घेऊन सारंगबरोबर एक मोबाइल ॲप काढलं. नाव ‘खुशाली’. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. त्यांना टाइप करायला जमत नाही, चष्मा वेळेवर सापडत नाही, म्हणून पडद्यावर एकच मोठं बटण. सकाळी ते दाबून दोन शब्द बोलायचे, आणि दहाच्या ठोक्याला तो आवाज मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवर जायचा. आवाज आला नाही, तर समजायचं — काहीतरी बिघडलंय. लोकांना कल्पना आवडली.

पण म्हाताऱ्यांचे फोन म्हणजे मुलांनी वापरून टाकलेले. बॅटरी वाचवायला ते फोन आमचं ॲपच परस्पर बंद करायचे. काकांनी बटण दाबलेलं असायचं, आवाज मात्र फोनमध्येच अडकलेला. मुलगा हातातलं काम टाकून घामाघूम होत पोचायचा, तर काका पेपर वाचत बसलेले. ‘गेलो की कळवीन,’ असं वर ऐकवायचे. दोन-तीनदा असं झालं की मुलं ॲप काढून टाकायची. रोज माणसं गळत होती. धंदा बुडायला अजून काय लागतं?

मग मी एक सोय केली. दहापर्यंत नवा आवाज आला नाही, तर त्याच माणसाचा एखादा जुना आवाज आपोआप पाठवायचा. वार, सण, पाहुणे, असलं काही त्यात नको. कुठल्याही दिवशी खपेल असा. सारंग म्हणाला, ‘निदान खाली ‘जुना’ असं लिही.’ मी म्हणालो, लिहू पुढच्या वेळी. तक्रारी आठवड्याभरात थांबल्या. मला तर स्वतःचं कौतुकच वाटलं.

बिबवेवाडीत एक काकू होत्या. एकुलती एक मुलगी, वृंदाताई, खडकीला शाळेत शिक्षिका. काकूंच्या फोनवर ॲप मीच लावून दिलं होतं. शिकवायला गेलो तेव्हा त्यांनी मला पोहे दिले आणि बटणाकडे संशयाने बघत विचारलं, ‘हे मी नाही दाबलं तर कोण दाबणार?’ मी हसलो होतो.

कार्तिक संपत आला होता. शुक्रवारी सकाळी शेजारच्यांनी हाका मारल्या, पण काकू दार उघडेनात. वृंदाताईंनी येऊन आपल्याजवळच्या किल्लीने उघडलं. काकू न्हाणीघराच्या दारात पडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस झाले असतील, मंगळवार सकाळ.

पावणेदहाला मला वृंदाताईंचा फोन आला. ‘अहो निखिल, डॉक्टर मंगळवार म्हणतायत. असं कसं होईल? काल आईचा आवाज आलाय मला. चहा झाला, आज जरा बरं वाटतंय, असं म्हणाली. गुरुजी तिथी विचारतायत. तुमच्याकडे नोंद असेल ना?’

नोंद होती. मी उघडली. सोमवारचा आवाज काकूंचा, त्याच सकाळचा. मंगळवार, बुधवार, गुरुवार — तिन्हींपुढे ‘जुना’. आणि त्याखाली शुक्रवारची ओळ. आवाज निवडून झाला होता, दहाची वाट बघत होता. कळतंय ना तुम्हाला? अजून पंधरा मिनिटांनी, आईच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या हातात, आई बोलणार होती — ‘काळजी करू नकोस गं, बरी आहे मी.’

तो आवाज मी आधी थांबवला. मग फोनवर म्हणालो, ‘गुरुवार. त्यांनी स्वतःच बटण दाबलंय.’

एवढंच. एवढंच बोललो मी.

मग वृंदाताई हळूच म्हणाल्या, ‘म्हणजे बुधवारी होती ती.’ बुधवारी त्या आईकडे जाणार होत्या. पण सकाळी खुशाली आली, म्हणून त्यांनी शनिवारवर ढकललं. तेव्हाच सांगता आलं असतं — ताई, बुधवारी तुमची आई नव्हती, तुमचं काही चुकलं नाही. मी काय म्हणालो? ‘मनाला लावून घेऊ नका.’

आणि त्याहून वाईट ते पुढे आहे. मंगळवारी दहाला आवाज आलाच नसता, तर त्या धावत गेल्या असत्या. तेव्हा काकू होत्या का? पडून किती वेळ होत्या? डॉक्टरांना विचारायचं धाडस मला झालं नाही. ती नोंद मी त्याच दुपारी पुसली. पुढच्या आठवड्यात ती सोयही काढून टाकली. सारंगने कारण विचारलं, मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. धंदा आता बरा चाललाय. कॉलेजं मला बोलावतात — विश्वास कसा कमवावा, यावर बोलायला.

काकूंचं श्राद्ध दरवर्षी कार्तिक वद्य द्वादशीला होतं. मी सांगितलेल्या तिथीला. त्या गेल्या दशमीला. वृंदाताई मला अगत्याने बोलावतात — तुमच्यामुळे आईचा शेवटचा आवाज राहिला, म्हणतात. जेवायच्या आधी तो सगळ्यांना ऐकवतात. ‘चहा झाला. आज जरा बरं वाटतंय.’ त्या आवाजामागे पाऊस वाजतो. स्पष्ट, पत्र्यावर पडणारा. त्या आठवड्यात पुण्यात पावसाचा थेंब नव्हता, कोरडी थंडी होती. पहिल्या वर्षी कोणीतरी विचारलंही. वृंदाताई म्हणाल्या, नळ चालू राहिला असेल. मी मान डोलावली.

यंदा चौथं वर्ष. गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवलं. एरवी त्या गच्चीवर कावळ्यांचा नुसता कालवा असतो. त्या दिवशीही कठड्यावर ओळीने बसले होते सगळे. एकही पानाला शिवला नाही. गेल्या तिन्ही वर्षी शिवला नव्हता. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही — तरी मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. वृंदाताईंनी अर्धा तास वाट पाहिली. मग दरवर्षीप्रमाणे हात जोडले आणि म्हणाल्या, ‘आई, चुकलं माझं. बुधवारी यायला हवं होतं मी. आता तरी राग सोड.’

मी त्यांच्यामागे दोन हातांवर उभा होतो. मीही हात जोडले. मग आम्ही खाली गेलो, आणि त्यांनी आग्रह केला म्हणून मी खीर दोनदा घेतली.