खोल्यांत राहिलेले पेढे

गाणगापुरात आमचं लॉज आहे. खोली सोडताना भाविक प्रसादाचे अर्धे पुडे मागं ठेवून जातात. प्रसाद टाकणं पाप, म्हणून ते पुडे घरी येत आणि माझे मालक खात. घामेजलेले, चिकट पेढे. एखाद्यावर कुणाच्या दाताची खूण. एकदा मी धीर करून म्हणाले, "मुंग्या हैत ओ त्याला." सासूबाई म्हणाल्या, "मग झाडून दे की! दत्ताचा प्रसाद हाय."

तिशीतच मालकांना शुगर निघाली. पोट शर्टाच्या बटणांत मावेना. पाहुणे त्यावर थाप मारायचे, "काय अप्पा, नववा लागलाय जणू!" ते हसायचे आणि आणखी एक पेढा तोंडात टाकायचे. म्हणायचे, "प्रसादानं शुगर वाढत न्हाई."

घरचा संडास मीच धुते. एका सकाळी मालक जाऊन आल्यावर तिथं रक्त दिसलं. दोन बादल्या पाणी ओतलं. पुढंही दिसत राहिलं, मी ओतत राहिले. नवऱ्याच्या शौचाचं बोलायचं कसं? शेवटी पोटात कळा यायला लागल्या तेव्हा त्यांनीच आईला सांगितलं. "मूळव्याध हाय. तुझ्या बापालाबी व्हती," म्हणून सासूबाईंनी ताकातून कसली तरी पूड सुरू केली. कळा थांबल्या नाहीत.

कलबुर्गीच्या डॉक्टरांनी विचारलं, "रक्त कधीपासून?"

"आठ दिस झाले," मालक म्हणाले.

परक्या पुरुषापुढं मी कधी बोललेली नाही. भिंतीकडं बघत मी म्हणाले, "खोटं बोलायलेत. चार महिने झाले. मी धुतलंय."

आतड्यात कर्करोगाची गाठ निघाली. वय छत्तीस. डॉक्टर म्हणाले, "वजन आणि शुगर वाढली की या रोगाचा धोकाही वाढतो. यांना त्यानंच झाला, असं मी सांगू शकत नाही. पण तरुण आहे म्हणजे मूळव्याधच, असं धरून बसू नये."

ऑपरेशन झालं. आता पोटावर शौचाची पिशवी आहे, ती मी रिकामी करते. शेजारणी नाकाला पदर लावतात. मला पिशवीची किळस येत नाही. त्या दोन बादल्यांची येते.

परवा सासूबाई लॉजच्या खोलीतला एक पुडा घेऊन मालकांच्या खाटेशी आल्या. "एक कण तरी घे लेकरा." त्यांनी तोंड उघडलं. मी पुडा ओढून घेतला आणि बाहेर नालीत टाकला.

"पाप लागंल गं!"

"लागू द्या," मी म्हणाले.

साबणानं दोनदा हात धुतले. खव्याचा वास बोटांना तसाच होता.